आडवी बोराटी

किमी ०

"शॉर्टकट आली बघा."

म्हणणारा गर्दीत होता आणि गर्दीला तोंड नसतं, म्हणून प्रगतीनं मान वळवली नाही. तिनं बुटाची नाडी सोडून पुन्हा आवळली. डावीची जरा जास्तच.

भांडगावच्या मागं, हायवेची घरघर जिथं ऐकू येईनाशी होते तिथं खडकवस्ती आहे, आणि खडकवस्तीच्या डोक्यावर काळा कडा. बत्तीस किलोमीटरची डोंगरदौड इथूनच सुटते आणि इथंच संपते. सकाळचे सहा वाजले होते. साउंडवाल्या सम्राटनं दोन्ही कर्णे डोंगराकडं तोंड करून बांधले होते.

"लोकं हिकडं, कर्णे तिकडं?" कुणीतरी विचारलं.

"वरच्या माकडांनाबी कळू दे कोण पळतंय," सम्राट माइकवरच म्हणाला, आणि कड्यानं ते वाक्य अर्ध्या क्षणानं परत पाठवलं. *कोण पळतंय.*

बायकांची दौड अर्धा तास आधी सुटते. रेघेवर सतरा जणी होत्या. मधोमध मोनाली. सोसायटीचे चेअरमन हौसराव यांची धाकटी लेक, पुण्यात कोच लावून पळणारी, मनगटावर घड्याळ, डोळ्यावर गॉगल. तिचा भाऊ सत्यजीत सबंध वाटेवर पिवळ्या रिबिनी बांधायचं काम बघायचा. दौड त्यांच्या ट्रस्टची, डोंगरही त्यांचाच असल्यासारखा.

प्रगतीवर त्याच ट्रस्टनं दोन वर्षांची बंदी घातली होती. ती परवा संपली.

तिला जिंकायचं होतंच. पण तेवढ्यासाठी ती आली नव्हती. मोनाली ह्याच मांडवात, ह्याच कर्ण्यातून 'बाद' ठरलेली तिला ऐकायची होती. शब्दासाठी शब्द. बाद.

किमी ४

कॅनॉलची कडा, दोन्हीकडं ऊस. सपाट.

सपाटीवर प्रगती कधी जोर लावत नाही. कोरेगाव भीमाच्या एका कंपनीत ती लाइनवर उभी असते, आठ तास, कधी बारा. शिफ्टच्या आधी हायवेच्या कडेनं पळते, ट्रकवाल्यांच्या शिट्ट्या खात. सुट्टीला वडगाव रासाईला मामाकडं जायची आणि भीमेच्या काठच्या बांधावरून पळायची. मामी भाकरी बांधून द्यायची. मामा म्हणायचा, "पळ पोरी, पळ. तुझा काय दोष न्हवता."

मोनाली वीस पावलं पुढं होती. तिचं पाऊल हलकं पडायचं, खांदे हलायचे नाहीत. ती पळायची चांगली. हेच तर दुखणं होतं. वाईट पळणारीचा सूड घेऊन काय मिळतं?

किमी ७ (नियमावलीतून)

*नियम ७. कड्यावरील बिरोबाच्या ठाण्यावर प्रत्येक स्पर्धकाने छातीवरील नंबरावर शिक्का घ्यावा. शिक्का नसलेला स्पर्धक बाद समजला जाईल. तक्रार ऐकली जाणार नाही.*

तक्रार ऐकली गेली नाही.

दोन वर्षांपूर्वी प्रगती सगळ्यात पुढं होती. एकोणिसाव्या किलोमीटरला वाट फुटते. उजवीकडची कड्यावरून बिरोबाला जाते, डावीकडची साळिंदराच्या घळीतून खाली उतरते. रिबिनी उजवीकडं होत्या. पण उजव्या वाटेवर बोराटी आडवी पडली होती. बोरीची पुरुषभर लांब काटेरी फांदी, बुडख्यावर दगड ठेवलेला.

दुसरी कुणी असती तर तिला ती झाडाची फांदी वाटली असती.

धनगराच्या कळपात पुढं चालणारा वाट पारखतो. जी वाट धरायची नाही तिच्यावर बोराटी आडवी टाकतो आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड ठेवतो. मागनं येणारी बायामाणसं, मेंढरं, सामानाचं घोडं, सगळी ती बघून वळतात. सगळ्यात मागं असतो तो बोराटी उचलून बाजूला फेकतो, म्हणजे दुसऱ्या कुणाची वाट अडू नये. बोराटी ओलांडायची नसते. प्रगती चालायला शिकली ती ह्या रीतीत. तिच्या बापानं, म्हस्कूनं, मेंढरं विकली, वस्तीवर तीन खोल्या बांधल्या, आता वीस शेळ्या राखतो. पण पायांना काय सांगणार? पाय डावीकडं वळले.

घळीत घोटा मुरगळला, हाडाला चीर गेली. तरी ती लंगडत खालच्या रस्त्याला लागली आणि सगळ्यांच्या आधी मांडवात आली. नंबरावर शिक्का नव्हता.

"बोराटी होती," ती म्हणाली.

"डोंगरात काटे नसतील तर काय मोगरा असंल?" सत्यजीत म्हणाला आणि मांडव हसला.

माणसं बघायला गेली तेव्हा बोराटी नव्हती. मोनाली त्याच वाटेनं उडी मारून गेली होती, आणि कप तिला मिळाला.

प्रगतीला त्याच क्षणी कळलं. सत्यजीत लहानपणी मेंढ्यांचं दूध प्यायला म्हस्कूच्या मेंढवाड्यावर यायचा. बोराटीचा अर्थ त्याला म्हस्कूनंच शिकवला होता. धनगराच्या पोरीला अडवायला कुंपण लागत नाही, एक फांदी पुरते, हे त्या घरात फक्त त्यालाच ठाऊक होतं. बहिणीला जिंकवली आणि मागाहून फांदी उचलली. प्रगतीनं मोबाइलवर ते सगळं बोलून टाकलं, नावं घेऊन. व्हिडिओ गावोगाव फिरला. मग बंदी आली.

किमी ११

चढ.

दगड. दगडावर दगड.

हात गुडघ्यावर. श्वास. पुन्हा.

मोनाली दहा पावलं. मोनाली सहा पावलं. गॉगल कपाळावर गेला.

श्वास.

"वाट दे," प्रगती म्हणाली.

"घे की," मोनाली म्हणाली. "तुझ्या ओळखीची वाट नव्हे, पण घे."

किमी १२ ते १८

इथं काही घडलं नाही, असं म्हणता आलं असतं. खडक तापायला लागला. पाण्याच्या ठिकाणी लिंबू-मीठ मिळालं. घोटा दुखला नाही. प्रगती उतारावर शेळीसारखी उतरली, चढावर कोळ्यासारखी चढली, आणि दर किलोमीटरला मागं वळून मोजत राहिली. एक मिनिट. दोन. साडेतीन.

साडेतीन मिनिटं पुरतात. दोन रिबिनी सोडून दोन रिबिनी बांधायला दीड मिनिट लागतं. घरी खाटेच्या पायाला बांधून तिनं वेळ लावून बघितली होती.

किमी १९

वाट फुटली. बोराटी नव्हती. रिबिनी उजवीकडं, करवंदीच्या जाळीला.

प्रगतीनं त्या सोडल्या. डावीकडं, घळीच्या तोंडाशी निरगुडीला बांधल्या, सत्यजीत बांधतो तशाच दोन गाठींनी. रिबीन दिसली की मोनाली वळणार. तिचे पाय रिबिनीचे. ती घळीतून उतरेल, पुन्हा वर यायला तास जाईल. नाही आली तर शिक्का नाही.

खालच्या उतारावर पाच-सहा शेळ्या चरत होत्या. वस्तीच्या शेळ्या ह्या डोंगरावर कुठंही असतात. तिनं कोणाच्या ते बघितलं नाही.

ती उजवीकडं चढली. आणि मग तिनं ते केलं जे पळणारानं कधी करू नये. ती थांबली.

कड्याच्या वळणावर निवडुंगाआड एक सपाट दगड आहे. तिथनं घळीचं तोंड पायाखाली दिसतं. घळीत कुजबुजलं तरी वर ऐकू येतं. लहानपणी ती इथं बसून बापाला हाका मारायची आणि तो खालून न ओरडताच उत्तर द्यायचा. साडेतीन मिनिटांतलं दीड गेलं होतं. उरलेली दोन ती ह्या दगडावर उधळणार होती. बघितल्याशिवाय सूड कसला?

किमी १९, खालून

पण आधी दिसला तो म्हस्कू.

झाडोऱ्यातून तो काठी टेकत वर आला. निरगुडीच्या रिबिनीकडं बघितलं. करवंदीच्या रिकाम्या जाळीकडं बघितलं. कमरेचा कोयता काढला, बोरीची एक फांदी छाटली, ओढत आणली आणि घळीच्या तोंडावर आडवी टाकली. बुडख्यावर दगड ठेवला. शेळ्या पाल्याच्या वासानं आल्या तर "हड्" म्हणून हाकलल्या, आणि खडकावर टेकला.

*आबा,* प्रगतीच्या तोंडून निघणार होतं.

मोनाली आली. रिबिनी बघून डावीकडं वळली आणि बोराटीपाशी थबकली. उडी मारायला दोन पावलं मागं गेली. मारली नाही.

"मामा, ही तुम्ही टाकली?"

"व्हय."

"रिबिनी तर इकडंच दाखवतायत."

"रिबिनीला काय कळतंय?"

मोनालीनं गॉगल काढला.

"त्या साली कड्याच्या वाटेवर होती. मी उडी मारून गेले. मला ठाऊकच नव्हतं बोराटी म्हणजे काय. तुमच्या पोरीनं व्हिडिओत शिव्या घातल्या तेव्हा कळलं."

"तुझा काय दोष न्हाई, ताई."

"मग कुणाचा?"

म्हस्कूनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ती बी म्याच टाकलीती."

वर, निवडुंगाआड, प्रगतीचा हात काट्यावर पडला. तिनं तो काढला नाही.

"कड्यावर सकाळी आग्यामोहळ उठलं हुतं, मागनं बसलं," म्हस्कू सांगत होता, कुणाला तरी कधीतरी सांगायचंच होतं अशा घाईनं. "वानरानं हात घातला असंल. आन् मागनं मेव्हण्याची मेंढरं येत हुती, वडगाव रासाईची. म्हटलं घळीनं जाऊ द्यावीत. टाकली बोराटी आन् गेलो म्होरं. दौड त्याच दिशी हाय, हे डोक्यातच न्हाई. कळप दिसला मला. लेक दिसली न्हाई."

"आणि नंतर ती गायब झाली..."

"मेव्हण्यानं उचलली. शेवटचा त्योच हुता. रीतच हाय."

"दोन वर्षं, मामा! माझ्या भावाला पोरं रस्त्यात काटी म्हणून हाका मारतात. पुण्यातल्या ग्रुपातून मला काढलं. चेअरमन असून आप्पा सोसायटीत बोलायला उठले की मागून कुणीतरी हसतं. आणि तुम्ही गप्प?"

"तिचा राग तुमच्यावर हुता तवर ती घरी येत हुती," म्हस्कू म्हणाला. "माझ्या हातचं खात हुती. म्या सांगितलं असतं तर कुणाकडं गेली असती? तिची माय न्हाई. एकच लेक हाय. मेव्हण्यालाबी म्हटलं, गप ऱ्हा."

*पळ पोरी, पळ. तुझा काय दोष न्हवता.*

मोनालीनं निरगुडीच्या रिबिनी सोडल्या. करवंदीला बांधल्या. मग मान वर करून थेट निवडुंगाकडं बघितलं. लाल बनियनचा तुकडा दिसत असणार.

किमी १९, वर

"बाजूला हो," मोनाली म्हणाली.

प्रगती वाटेतच उभी होती. कड्याची वाट तिथं एका माणसापुरती आहे. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

"सांगणार?"

"काय? रिबिनीचं?" मोनालीनं बाटलीतलं शेवटचं पाणी तोंडात धरून थुंकलं. "तुझ्यासारखा व्हिडिओ करू? नाही. मी कुणालाच सांगणार नाही. मला माहितीय, एवढं बास. दरवर्षी तू पळायला येशील आणि मी तुझ्याकडं नुसती बघीन."

"माझ्या घोट्याला चीर गेलीती."

"माझ्या नावाला गेलीय. तुझा घोटा जुळला की." ती अंग चोरून खडकाच्या बाजूनं पुढं गेली. जाताना म्हणाली, "पळ आता. का बोराटी टाकू?"

किमी २२

बिरोबाच्या ठाण्यावर शाळेतल्या सुरेखाबाई शिक्का घेऊन बसल्या होत्या.

"आलीस का? ह्या साली देवाला बगल दिली न्हाईस," म्हणत त्यांनी नंबरावर शिक्का दाबला. शेंदरासारखा लाल. दोन वर्षं जो तिला हवा होता. "अगं, हाताला रक्त कशाचं?"

"काटा."

"मोनाली पन्नास पावलं म्होरं हाय. जा."

प्रगती गेली. राग होता तेवढाच होता, गुंजभरही कमी नव्हता, फक्त त्याचं तोंड फिरलं होतं. मोनालीवरचा राग पायांना सवयीचा होता. त्याची गती, त्याचा श्वास ठरलेला होता. हा नवा होता. ह्याला लय नव्हती. तो प्रत्येक दगडावर बापाचं तोंड ठेवायचा आणि तिचं पाऊल त्यावर पडायचं.

*माझ्या हातचं खात हुती.* म्हणजे दोन वर्षं त्यानं शेळीचं दूध तापवून दिलं, घोटा तेलानं चोळला, चोळताना "सत्यजीतच्या तोंडात किडं पडत्याल" असं ती म्हणाली की "हूं" म्हटलं. हूं.

उतारावर तिनं मोनालीला गाठलं. मोनाली पाऊल बघून टाकत होती. प्रगती बघत नव्हती. दगड सुटले, ती सुटल्या दगडांबरोबर उतरली आणि पुढं गेली.

किमी ३२

सम्राटच्या कर्ण्यात नुसता कल्ला होता. "आली, आली, खडकवस्तीची वाघीण आली! आन् शिक्का? शिक्का हाय! दोन सालाचं उट्टं काढलं गड्यांनो!"

मोनाली चाळीस सेकंदांनी आली आणि गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. सत्यजीत तिच्याजवळ पाणी घेऊन गेला. पोरांच्या घोळक्यातून कुणीतरी "काटी, काटी" म्हणालं.

हौसरावांनी हाताची घडी सोडली, कप उचलला आणि जड आवाजात म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. बोल बाळ, दोन शब्द."

प्रगतीनं माइक घेतला. मोनाली तिच्याकडं बघत होती. नुसती.

माइक हातात असताना तिला पहिल्यांदा कळलं की कर्णे अजून डोंगराकडंच तोंड करून आहेत. कड्याखाली, घळीच्या जरा वर, शेळ्यांचे ठिपके होते आणि त्यांत एक पांढऱ्या पटक्याचा.

"त्या सालची बोराटी सत्यजीतनं टाकली न्हवती," ती म्हणाली. "माझ्या बापानं टाकलीती. म्हस्कूनं. दोन वर्सं त्याला ठाऊक हुतं. माझ्या मामालाबी ठाऊक हुतं."

*ठाऊक हुतं,* कडा म्हणाला.

सत्यजीतच्या हातातली बाटली तिरपी झाली होती, पाणी बुटावर सांडत होतं. वरचा पांढरा ठिपका चालता चालता थांबला.

एवढ्यावर माइक देऊन टाकता आला असता. बापाला बसायचा तो दगड बसला होता, कप समोर होता. पण मोनालीची नजर तशीच होती, शांत, सावकाराच्या तिजोरीसारखी बंद. हिच्याकडं काही ठेवून जायचं? दरवर्षी येऊन ह्या नजरेखालून पळायचं?

"आन् आज एकोणिसाला रिबिनी म्या फिरवल्या," प्रगती म्हणाली. "मोनालीला चुकवायला. हिनं बघितलं, तरी बोलली न्हाई. आता हिच्यापाशी माझं काय न्हाई."

मोनालीच्या हातातलं एकुलतं एक हत्यार कुणीतरी सगळ्यांसमोर काढून घेतलं होतं.

"बाद," सत्यजीत म्हणाला. "नियम आठ. खुणा हलवल्या तर कायमची बाद."

"व्हय," प्रगती म्हणाली. चार पिना काढून तिनं शिक्क्यासकट नंबर हौसरावांच्या हातातल्या कपात टाकला.

सम्राटनं माइक बंद करायला जरा उशीरच केला. तिचा श्वास कर्ण्यातून वर जात होता आणि कडा तो परत पाठवत होता.

त्यानंतर, अंतर मोजलेलं नाही

घर मांडवापासून हाकेच्या अंतरावर. परड्यातल्या बोरीला हात घातला तेव्हा तळहातातलं आधीचं रक्त सुकलं होतं. कोयता बापाकडं होता, म्हणून तिनं फांदी पिरगाळून तोडली. अंगणाच्या तोंडाशी, जिथनं शेळ्या आत येतात तिथं, आडवी टाकली. बुडख्यावर दगड ठेवला. मग उंबऱ्यावर जाऊन बसली आणि बुटाच्या नाड्या सोडल्या.

म्हस्कू दुपारी आला. शेळ्या पुढं, तो मागं.

बोराटीपाशी तो थांबला. आधी दगड बघितला, मग उंबरा.

"प्रगे."

तिनं एक बूट काढला.

"प्रगे, उन्हं लई हायती. शेळ्यास्नी पाणी पाजायचं हाय."

तिनं दुसरा काढला.

सगळ्यात मागं असतो तो बोराटी उचलतो. म्हस्कूच्या मागं कुणी नव्हतं. उचलली असती तर रीतीला धरून झालं असतं. तो वाकला. त्याचा हात फांदीपर्यंत गेला, आणि तिथंच राहिला, कारण बोराटी टाकणारी पुढं निघून गेली नव्हती. ती समोर बसून बघत होती.

म्हस्कूनं हात मागं घेतला. बोराटीच्या अलीकडं, वाटेवरच, तो उन्हात बसला.

शेळ्यांना रीत माहीत नव्हती. त्यांनी बोराटीला तोंड लावलं. ओठ वळवून, काटे चुकवून, एकेक पान. प्रगती बघत राहिली, बापही बघत राहिला. "हड्" कुणीच म्हटलं नाही.

पाला संपला. काटे राहिले, आणि दगड. शेळ्या एकेक करून त्यावरून उड्या मारत आत आल्या आणि पाण्याच्या टाकीला लागल्या.

वीस होत्या. तिनं मोजल्या. मग उठून आत गेली. दार तिनं लावलं नाही. पण बोराटीही उचलली नाही.